चहाआधीचा तास

पाच वीसला गोळी.
मसुरीच्या डाळीएवढी, चव नसलेली.
मग तासभर काही नाही, चहासुद्धा नाही.
वेसाव्याच्या खाडीत होड्यांची इंजिनं खोकतात
आणि मी ओट्याला टेकून,
बंद गॅससमोर.

मागच्या वर्षी कुणी काही मोजलंच नव्हतं.
केस गळायचे. आई म्हणाली, पाणी बदललं.
जन्मभर बर्फात हात घालणारी मी,
मे महिन्यात मला थंडी वाजते म्हटल्यावर
बाजारातल्या बायका हसल्या.
नणंद म्हणाली, झोपाळू झालीय.
नवव्या आठवड्यात जे गेलं
त्याला नाव नव्हतं,
त्यामुळे हाकही मारता येत नाही.

या खेपेला हातात कागद : टीएसएच अकरा पूर्णांक चार.
'देवयानी चिखले?'
डॉक्टरीण माझ्याहून लहान.
मी म्हटलं, बाई, आम्ही मासळीवर वाढलेलो,
मीठ तर आमच्या अंगावरच वाळतं,
आम्हाला कसली कमी?
मिठाचं नाही, ती म्हणाली.
तुमचंच शरीर तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीवर उठलंय.
मग पेनाचं टोपण चावत :
पहिले तीन महिने बाळाला हे स्वतः बनवता येत नाही.
तुमच्यातलंच घेतं.
मेंदूची बांधणी त्यावर चालते.

उधारी मला कळते.
डिझेल उधार, बर्फ उधार, जाळ्याचं सूत उधार,
पण वहीत मांडलेलं असतं.
हे कुठे मांडायचं?
आतून कुणी रोज हात पसरतंय
आणि माझ्या टोपलीचा तळ दिसतोय.

म्हणून ही गोळी.
लोहाची चार तासांनी, दोघींची गाठ पडू द्यायची नाही,
भांडलेल्या जावांसारखी.
होडीचं नाव रंगवून उरलेल्या निळ्या रंगाने
नवऱ्याने भिंतीवर तारखा लिहिल्या, सुईच्या,
दर चौथ्या आठवड्याला एक.
पन्नासची पंच्याहत्तर झाली, पंच्याहत्तरची शंभर.
अकरा चार. पाच नऊ. दोन एक.
भाव उतरला म्हणून खूश
मी आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेतून थेंब काढला,
कागदावरच्या गोलात टिपला.
ती किंचाळली, लिलावाला शोभेल अशी.
नर्सने विचारलं, नाव?
रिपोर्ट येऊ दे, मग ठेवू, नवरा म्हणाला.
मी म्हटलं, नाही.
आत्ता लिहा.