मशीन उठताना

उद्यमनगरात, नेजदारांच्या फौंड्रीच्या माडीवर,
जिथं की-बोर्डच्या फटींत काळी वाळू बसते
आणि एंटर दाबला की करकरते,
मगदूमकाका नऊला बटण दाबतात
आणि नऊ वाजून अकरा मिनिटांनी
कॉम्प्युटर उठतो.

"म्हातारा झालाय," ते म्हणाले, "माझ्यागत.
बघ काय होतंय का. नवीन घ्यायचं नाव काढू नको,
मालक भट्टीत घालतील मला."

"बघतो," मी म्हटलं.
पुण्यात पाच वर्षं मी 'बघते' म्हणायचे.
कावळा नाका आला
की जिभेवरचं ते आपोआप बंद पडतं.

यादी उघडली,
मशीन उठताना सोबत कोण कोण उठतं त्याची.
सव्वीस नावं.
उंबऱ्यावर सव्वीस जण, आणि दार एक.

गाणी वाजवणारा होता, त्याला स्पीकरच नव्हता.
तीन व्हायरसवाले, एकमेकांवर पहारा देत.
पत्रिका जुळवणारा. "धाकटीसाठी टाकलेला,
तिचं पोर आता शाळेत जातंय."
तौफीकनं घातलेला क्रिकेटचा स्कोअर;
तौफीक शिरोलीत लागून दोन दिवाळ्या झाल्या.
महापुरात वाहून गेलेल्या मोबाइलची
रोज सकाळी चौकशी करणारा एक.

वाईट कुणीच नव्हतं.
प्रत्येकाला कधीतरी कुणीतरी 'हो' म्हटलं होतं,
घाईत, खालचं बारीक न वाचता.

मी एकेकाची खूण काढत गेलो.
हाकललं नाही कुणाला, नुसतं सांगितलं,
हाक मारल्याशिवाय यायचं नाही.
काका खुर्ची ओढून बसले,
वर्गणीची यादी वाचावी तशी नावं वाचत,
आणि प्रत्येकाला "जाऊ दे" म्हणत.

बंद. परत चालू.
अडतीस सेकंद.

पाहुणा वेळेआधी दारात यावा आणि आपण बनियनवर असावं,
तसे काका पडद्याकडे बघत राहिले.
"एवढ्यात?"
"एवढ्यात."
"मग माझा चहा?"

ते मला हळूहळू कळलं.
बटण दाबून काका खाली जायचे.
पॅटर्नवाल्या सुताराकडं उगीच उभं राहायचे, सागाच्या वासात.
भट्टीवरच्या धोंडिरामला पोराच्या डोळ्याचं विचारायचे.
गेटवर अर्धा कप, कुत्र्याला बिस्किट,
जिन्यात एकदा थांबून श्वास.
इतक्या वर्षांत मालकांनी एकदाही हटकलं नाही.
"कॉम्प्युटर उठतोय," म्हटलं की भागायचं.

"एखादा ठेव की गं परत."
"कुठला?"
बोट यादीवरून खाली आलं, वर गेलं,
आणि प्रिंटरवाल्यापाशी थांबलं.
तो प्रिंटर कधीच भंगारात गेला.
हा मात्र रोज उठतो, घरभर शोधतो
आणि सांगतो: प्रिंटर सापडला नाही.
"काम नाही बिचाऱ्याला," काका म्हणाले,
"पण खोटं बोलत नाही."

मी त्याची खूण परत केली.
फार तर चार सेकंद वाढणार होते.
तेवढं बोललो नाही.
बिलावर लिहिलं, पंचवीस बंद,
आणि उतरलो.

खाली भट्टीपाशी धोंडिराम जिन्याकडं बघत होता,
हातातला झारा तसाच धरून.
"काका आलं न्हाईत अजून.
बिघडला व्हय कॉम्प्युटर?"