मोजणी

सांत्वनाचं त्यांना काही येत नव्हतं.
दहाव्या दिवशी साखर पेठेतून, विजापूर वेशीतून
सायकली आल्या;
चपला दारात, माणसं थेट गच्चीवर.
इब्राहिमचाचांनी खुराडं खरवडलं.
मल्लेशमने पाण्याचं ताट घासलं, तळ चकाकेस्तोवर.

मग कबुतरं सोडली.
खाली मागांची खडखड, वर थवा गोल गोल,
उतरेना.
चाचांची शीळ नानांची नव्हती.

अम्मा, तीस वर्षं त्या पिसांना शिव्या घालणारी,
उठली. ज्वारीचा डबा वाजवला.

उतरली.
मल्लेशम तेलुगूत मोजत होता, बोटांवर.
बावीस. तेवीस.

एक कमी.

अंधार पडला तरी कोणी खाली गेलं नाही.
सगळे आभाळाकडे बघत,
आमच्या तोंडाकडे कोणीच नाही.
“लांब गेलेल्याला,” चाचा म्हणाले,
“उशीर होतो.”