पालकाची सही

खिडकीतला माणूस म्हणाला, रकाना रिकामा चालत नाही,
कॉम्प्युटर पुढे सरकत नाही.
पालकाची सही.
मी म्हटलं, वय वर्षं सत्तावन्न.
तो म्हणाला, मला दिसतंय हो,
त्याला दिसत नाही.

म्हणून बेबीनंदाने सही केली,
कोलंबी सोलता सोलता, हात पदराला पुसून.
नात्याच्या जागी लिहिलं: बायको.
खाली दोन रेघा मारल्या, बँकेत मारते तशा,
आणि म्हणाली, निकाल आता आधी माझ्याकडे येणार.
गेल्या सेमिस्टरची एटीकेटी
मी तिला अजून सांगितलेली नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. चौथं सेमिस्टर.
माझ्या बाकावर कुणी नवा मुलगा, कानात बोळे घालून.
झैनब मुकादमने त्याला उठवलं:
ही पागधरेंची जागा आहे.
पहिल्या वर्षी ती मला सर म्हणायची, मग अंकल,
आता नुसतं पागधरे.
टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षांत
असं प्रमोशन मला मिळालं नाही.

डाबरे मॅडम, माझ्या थोरलीपेक्षा दोन वर्षांनी लहान,
टेबलावर दगड ठेवतात. ओळखा.
ओळखतो की.
शिवडीला, एक्क्याण्णव साली, सहाशे जोड्यांची केबल टाकताना
माझी पहार याच्यावर आपटून परत आली होती,
खांद्यापर्यंत झिणझिण्या,
आणि मी याला आईवरून काहीतरी बोललो होतो.
नाव तेव्हा माहीत नव्हतं.
बेसाल्ट.
पोटातले पांढरे ठिपके म्हणजे बुडबुडे,
लाव्हा निवताना आत अडकलेले,
मग फार सावकाश भरत गेलेले.
झैनबच्या तीन ओळी लिहून होतात, माझी एक.
चष्मा वर, चष्मा खाली.

नंतर मायक्रोस्कोपखाली त्याच दगडाची चकती,
केसाहून पातळ.
काळ्या फत्तरात निळा, केशरी, हिरवा!
पांढरा-निळा, पांढरा-केशरी, पांढरा-हिरवा,
पांढरा-तपकिरी, पांढरा-राखी:
खड्ड्यात उकिडवं बसून जोड्या मी अशाच पुटपुटायचो,
एक चुकली की परळच्या बाईचा फोन
दादरच्या दातांच्या डॉक्टरकडे वाजायचा.
आताही पुटपुटलो असणार.
मागे कुणी फिसकन हसलं.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या,
परत एकदा म्हणा. हळू.

पुस्तकात आहे, वरळीच्या टेकडीत बेडूक सापडले,
साडेसहा कोटी वर्षांचे, दगड झालेले.
त्याच टेकडीच्या पायथ्याशी राहायचो आम्ही.
वडलांनी अंथरूण धरलं त्या महिन्यात
बारावीचं मार्कलिस्ट घेऊन मी
कॉलेजच्या नाही, खात्याच्या रांगेत उभा राहिलो.
बेडकांना तेव्हाही घाई नव्हती.

कॉलेजबाहेर रस्ता खणलाय.
नवी केबल, काचेची, कंत्राटदाराची पोरं.
मी पत्र्यावरून वाकून बघतो,
केबलकडे नाही, खड्ड्याच्या भिंतीकडे:
डांबर, खडी, भराव, विटांचा चुरा, शिंपल्यांची एक रेघ,
आणि मग तो.
काय हरवलं, काका?
काही नाही रे. डावीकडे जपून मार,
हातभर खाली शिशाची एक जोडणी आहे.
मेलेली आहे,
पण माझी आहे.

पोरगं हसतं, एक ढलपी वर फेकतं.
मी ती रिकाम्या डब्यात टाकतो, भाजीच्या उरल्या तेलात.
घर येईपर्यंत ती वाजत राहते.
बेबीनंदा डबा घासायला उघडेल,
दगड उलटा-सुलटा करील, माझ्याकडे बघेल.
तेव्हा सांगून टाकीन.
खनिजशास्त्र.
साठपैकी एकोणीस.