दहा मिनिटं फेस

आधी मला वाटलं, खरूज.
सगळ्यांनाच वाटलं.
खडकी बाजारातल्या गॅरेजवाल्या पोराने
बाटलीत जळकं ऑईल देऊ केलं,
म्हणाला, चोपडा, आठ दिवसांत केस येतात.
तिसऱ्या मजल्यावरून हळद-खोबरेल आलं,
आणि सोसायटीच्या फळ्यावर एक अर्ज,
खाली सही एकट्या रणपिसेंची:
सदर कुत्री रात्रभर जिन्यात खाजवते,
पाय फरशीवर आपटतो, झोपमोड होते.

खोटं नव्हतं ते.
मीही ऐकायचे. ठक ठक ठक ठक.
कुणी दार वाजवतंय,
पण आत यायचं नाहीये त्याला, असं.

सुतळी.
रंगावरून नाव. शेपटीच्या बुडाशी
आता रंगच उरला नव्हता,
तिथे गुलाबी, ओलसर, हात लावू न देणारं काहीतरी,
आणि ती गोल गोल फिरून
स्वतःलाच चावत राहायची.

औंधच्या जनावरांच्या दवाखान्यात
आमच्यापुढे एक म्हैस होती.
मग डॉक्टरबाईंनी ब्लेडने कातडी हलकेच खरवडली,
काचेवर घेऊन दुर्बिणीखाली पाहिली.
खरजेचा किडा नाही, म्हणाल्या.
मग एक फणी, उवांची असते तसली,
पाठीवरून ओढली,
निघालेली काळी भुकटी ओल्या कापसावर झटकली.
थांबा जरा.
तिळाएवढ्या काळ्याभोवती
सावकाश लाल पसरलं.
माती नाही ही. तिचंच रक्त आहे,
पिसवांनी पिऊन टाकलेलं.

तो कापूस मी रिक्षात मुठीत का धरून बसले होते
माहीत नाही. स्पायसर कॉलेज गेल्यावर फेकला.

मानेवर औषधाचे थेंब, जिथे तिची जीभ पोचत नाही.
खाजेची गोळी, जेवणानंतर.
गळ्यात कर्णा, मांडवातल्या स्पीकरसारखा,
ज्यातून ती जगाकडे फार अपमानित होऊन बघे.
जिन्यातलं पोतं उकळत्या पाण्यात.
माणसांचं मलम नको, चाटेल.
आणि शाम्पू, आठवड्यातून दोनदा.
लगेच धुवायचा नाही हं,
बाई बोट उगारून म्हणाल्या होत्या,
दहा मिनिटं फेस तसाच.

दहा मिनिटं फार असतात
भिजलेल्या कुत्रीला आणि एकट्या बाईला.
पार्किंगच्या नळाखाली ती दोनदा सुटली,
माझ्या सलवारचा चिखल झाला,
आणि रणपिसे आले. पाणी आपल्या दारात येतंय,
हे सांगायला आले होते.
बघत राहिले.
मग लेंगा वर खोचून उकिडवे बसले,
म्हणाले, मान तुम्ही धरा. घड्याळ माझ्याकडे आहे.

दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं.
तळहात सुकल्या तळ्यासारखे, भेगाभेगांचे.
फेसात बुडवले तेव्हा त्यांनी दात आवळले,
ते मी पाहिलं, त्यांनी पाहिलं मी पाहिलेलं.
तिसऱ्या मिनिटाला म्हणाले,
दुखणं परवडतं.
दुखतंय म्हटलं की लोक विचारतात तरी.
खाजेला हसतात.

मग बराच वेळ काही नाही.
सातव्याला, घड्याळाकडे बघत,
ही मला रात्री व्हॅसलीन लावून
हातांत मोजे घालायची. लहान पोराला घालतात तसे.
'ही' कुठे आहे आता, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक,
मी नुसती सुतळीच्या कानामागचा फेस
पुन्हा कानामागेच लावत राहिले.

दहा झाली. अकराही झाली.
कुणीच नळ सोडला नाही.

अर्ज फळ्यावरून काही निघाला नाही,
ऊन लागून त्याची शाई उडाली एवढंच.
शेपटीच्या बुडाशी आधी मखमल आली,
मग खरखरीत, मग सुतळी.
कर्णा माळ्यावर गेला.

परवा रात्री दोनला
दारावर आवाज. ठक ठक.
पण मऊ, कापसातून आल्यासारखा.
उघडलं तर रणपिसे,
दोन्ही हातांत पांढरे मोजे.
खालून काहीच ऐकू येत नाही, म्हणाले,
बरी आहे ना ती?

माझ्या पायांमागून एक नाक पुढे आलं,
मोजे हुंगून
परत झोपायला गेलं.