पुढची तारीख

ही उंट बसवायची जागा. नावच तसं, मनाख.
आजोबांच्या वेळी काफिले इथं गुडघे मोडून बसत.
पुढं गाड्या ठेवायची इमारत झाली, थंडगार हवेची,
आणि ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिच्या तळमजल्यावर
आम्ही बसलो.
उंटावरचे शहाणे सगळे. उंट तेवढे नव्हते.

मी दुऐज, बँकेतला, तिसऱ्या खिडकीचा.
पैसा कसा होत होता ते माझ्या हाताखालून गेलं:
मिश्आल शेअर घ्यायचा, दिनार द्यायचा नाही, चेक द्यायचा,
तारीख पुढच्या एप्रिलची, रक्कम दुप्पट.
ज्याला मिळाला तो त्या चेकच्या भरवशावर
आपला चेक लिहायचा, मार्चचा. त्याच्यावर तिसरा कोणीतरी.
कंपनी आखातापलीकडची. तिची एक टपालपेटी होती
आणि असलाच तर एक पंखा.
ती काय बनवते, कोणी विचारलं नाही.
ती भाव बनवत होती.

पाच वर्षांपूर्वी बाजार पडला तेव्हा
सरकारनं पडलेल्यांना हात धरून उठवलं होतं.
तेव्हापासून पडायला कोणी भीत नव्हतं.
शाळेतल्या बाया ड्रायव्हरच्या हाती निरोप धाडायच्या:
माझेही दोनशे घ्या, कशाचेही.
मीही लिहिले. दोन चेक. अक्षर चांगलं आहे माझं.

वडील मोती काढणारे. नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा,
पायाला दगड, कमरेला दोर, असं त्यांचं तारुण्य.
तांडेलाची उचल त्यांच्या वडिलांनी घेतली, फेडली यांनी,
फुप्फुसांनी.
चेकबुक त्यांनी उलटंपालटं केलं.
"खाली किती वेळ राहायचं ठरलंय?"
म्हटलं, एप्रिलपर्यंत.
"आणि दोर कोणाच्या हातात?"
मी हसलो.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही, चहा ओतत राहिले.

ऑगस्टात उम्म जासिर आली, विधवा, घाईत नसलेली.
चेक सरकवला. मुलीचं लग्न आहे म्हणाली, आजच हवेत.
तारखेवर बोट ठेवलं मी.
ती म्हणाली, कायद्यात चेक म्हणजे आजच.
खरं होतं. तारीख ही नुसती सभ्यता होती.

वटला नाही.
दुपारपर्यंत रांग दारापर्यंत, संध्याकाळी रस्त्यावर,
आणि वटण्याची वाट बघता बघता
एकेक माणूस उभ्या जागी वठत गेला.

नंतर हिशेब. कचेरीत चेक पोत्यांनी आले,
नाफ्यापासून आलेला वद्दाह मोजायला बसला,
पोतं संपलं की नवं पोतं, वर्षं गेली.
देशाच्या तेलाहून जास्त रक्कम निघाली, असं तो म्हणायचा;
खरी किती, त्यालाही ठाऊक नसावं.
मिश्आलची गाडी विमानतळावर सापडली, किल्ली आत.
सालमियात चार मजल्यांचा सांगाडा तसाच राहिला,
त्यातले गवंडी पगाराविना जहाजाची वाट बघत.
उम्म जासिरच्या मुलीचं लग्न मोडलं.
मला ती बाजारात दिसली की मी गल्ली बदलतो,
चूक तिची नव्हती, तरी.

वडील त्या थंडीत गेले. शेवटच्या आठवड्यात
छाती भरून घ्यायचे आणि धरून ठेवायचे.
मी मोजायचो. एकोणीस. बावीस.
मग हात वर. दोर ओढा.

माझ्या दोन्ही चेकांवर अजून माझीच सही आहे.
एप्रिल आला.
ठरल्या दिवशी, ठरल्या तारखेला,
तो एकटाच.