अख्खी, पाकळी, तुकडी

वेंगुर्ल्याच्या बंदरामागे, राखेच्या ढिगाला लागून
परबशेटचा काजूचा कारखाना.
कारखाना म्हणजे सोळा खांब, वर झावळ्या,
बिया भाजायची दोन काळी पात्रं,
आणि तराजूपाशी मी, पुंडलिक आरोलकर, मापारी.
वही राखायचे महिना सतरा रुपये.

सन चोवीसला अठरा बाया होत्या.
सत्तावीसला दोनशे चाळीस.
मधल्या तीन वर्षांत काय झालं ते मला विचारू नका,
ते अमेरिकेत झालं.
तिथं म्हणे शाळामास्तराच्याही दारात मोटार,
दारू सरकारनेच बंद केलेली,
म्हणून लोक ती दार लावून पीत.
आणि दार लावून पिताना तोंडात टाकायला
काहीतरी खारं लागतंच.
ते आम्ही धाडत होतो.
बोंडू इथल्या भट्टीला, बी तिथल्या बशीला.
झाड एकच.

ठक्. ठक्. दगडावर बी, बीवर दांडका.
अख्खी वेगळी, पाकळी वेगळी, तुकडी वेगळी.
तेल उडतं. जिथं उडतं तिथं कातडी जाते.
बाया हाताला राख चोळतात,
घरी जाऊन त्याच हाताने भाकरी थापतात,
भाकरीवर बोटांचे काळे डाग.

शनिवारी पगार.
उभादांड्याच्या द्वारकीचा घोव जानू
तिच्याआधी येऊन तराजूपाशी उभा, तळवा पसरून.
मी पैसे मोजले. सवयीने त्याच्याकडेच हात नेला.
तेवढ्यात मागून:
"हात माझो भाजलो, मापारीनू.
पैसो माझ्याच हातार."
दोनशे चाळीस दांडके थांबले.
त्या शनिवारपासून वहीत मी
बायकांच्या नावापुढची नवऱ्यांची नावं गाळली.
परबशेटने विचारलं, तेव्हा म्हटलं, शाई वाचते.

एकदा खोक्यांबरोबर तिकडचं एक चित्र आलं.
आखूड झगा, हातात काजूची बशी,
आणि केस मानेवर कापलेले.
बाया कोंडाळं करून बघत राहिल्या.
"घोव मेलो असतलो बिचारीचो."
"मगे हसता कित्याक?"
कोणालाच सांगता येईना.
द्वारकीने ते चित्र खांबाला खोचलं,
जाता-येता बघायची, विहिरीत डोकावल्यासारखं.

पैसे वाढले तसा चहा आला. काचेचा दिवा आला.
गणेशचतुर्थीला भागी आणि इंत्रू
सावंतवाडीपर्यंत मोटारीने गेल्या, वांती करत परत आल्या,
आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या.

मग अंगठा उमटेना.
शाईत बुडवून कागदावर टेकला की नुसता काळा ठिपका,
रेघ नाही, चक्र नाही.
तेलाने सगळ्याजणींचे अंगठे सारखे करून टाकले होते.
ही सही कोणाची, ती कोणाची?
म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी
खोक्याच्या झाकणावर कोळशाने अक्षरं काढायला घेतली.
द्वारकीचं पहिलंच जोडाक्षर.
"दुसरा सोपा नाव नाय काय माझ्यासाठी?"
चार महिने लागले त्या एका द्व ला.

एकोणतीसला, दिवाळीच्या तोंडावर, तार आली.
न्यूयॉर्कच्या आडत्याचं नाव होतं, पैसे नव्हते.
माल थांबवा.
पत्र्याचं अस्तर लावलेली खोकी धक्क्यावर तशीच,
पडाव रिकामा वर मुंबईकडे गेला.
आधी मुंग्या लागल्या, मग घुशी.
परबशेट तीन दिवस कारखान्यात फिरकला नाही,
चौथ्या दिवशी पात्रं विकायला माणूस घेऊन आला.

तिकडे कोण बुडालं, किती बुडाले,
ते वर्तमानपत्रांत होतं. ही वही कुठल्या वर्तमानपत्रात नाही.
शेवटच्या पानावर खाली, डावीकडे:
बाकी सव्वा सात आणे.
त्याच्यापुढे वाकडं, दाबून लिहिलेलं
द्वारकी.
तिने आधी सही केली, मग पैसे मागितले.
मी म्हटलं, सोमवारी ये.

ती आली होती.