किलवरचा गुलाम

रात्रीचे दोन. वडनेर फाट्याच्या जिनिंगवर,
काट्याच्या खोलीत मी आणि पत्त्यांचा एक कॅट.
मोबाईलचं घड्याळ सुरू करायचं,
अंगठ्यानं पत्ता सरकवायचा.
दुर्री ते छक्की, अधिक एक.
दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, उणे एक.
सत्ती, अठ्ठी, नव्वी बघायच्या आणि सोडून द्यायच्या,
लग्नात नुसत्या जेवायला आलेल्या पाव्हण्यांसारख्या.

रोशन पणजीला बोटीवर भांडी विसळतो.
फोनवर म्हणाला, पंचवीस सेकंदांत सगळा कॅट,
आणि शेवटी शून्य.
शून्य येत नसेल तर तूही येऊ नको.

दिवाळीत दोन मिनिटं लागायची. ओठ हलायचे.
ओठ हलले की पकडतात, म्हणून तोंडात सुपारी धरली.
मग आकडे म्हणणंच सुटलं,
जोड्या दिसायला लागल्या.
पंजीवर राणी, गेली.
तिर्रीवर एक्का, गेली.

फागोजी मडावी वॉचमन मुद्दाम बोलत बसतो.
मीच सांगितलंय, त्या टेबलावर गोंगाट असतो म्हणून.
"तीन बकऱ्या, सात कोंबड्या, जावई धरून तोंडं किती, सांग बरं?"
अधिक चार. अधिक तीन.
"बहिरा झाला का बे?"
हॉर्न वाजतो. गाडी काट्यावर चढते.
मी वजन लिहितो, पावती फाडतो,
आणि अधिक तीन डोक्यात धरून ठेवतो
काठोकाठ भरलेल्या गंजासारखं.

संक्रांतीला एकवीस सेकंद झाले.
पण शेवटी अधिक एक.
रोज अधिक एक.
हळू मोजलं तरी, कॅट उलटा धरून मोजलं तरी.
आठ दिवस मी स्वतःच्या डोळ्यांना शिव्या घातल्या.

"पत्ते मोजले का पन?" मडावीनं विचारलं.
"तेच तर करतोय दोन महिने."
"तसे नाही रे. नुसते."
त्यानंच घेतले हातात. सिंदेवाहीकडचा माणूस,
धान मापताना म्हणतात तसं पहिल्याला म्हणाला लाभ,
मग दोन, मग तीन.
एक्कावन.

गुलाम सापडला टेबलाच्या तोकड्या पायाखाली,
चार घड्या घातलेला.
पावसाळ्यात, टेबल हलू नये म्हणून,
मीच खुपसलेला.

सपाट केला, कुबड राहिलंच.
मोजलं. वीस सेकंद. शून्य.
ओरडावंसं वाटलं, पण टेबल डुगडुगायला लागलं
आणि त्यावरचा काट्याचा डबाही, त्याच्यातले लाल आकडे:
रिकाम्या पाटावर उणे वीस.

हे मला नवीन नव्हतं. दिवाणजी संध्याकाळी लावूनच जातो.
आणि नुसतं उणे वीस असेल तर कोणाचं काही जात नाही.
भरली गाडी वीस किलोनं कमी, रिकामीही तेवढीच कमी,
जोडी जमते, गेली.
मधल्या वेळात कोणीतरी शून्याचं बटण दाबावं लागतं.
ते कोणीतरी म्हणजे मी.
रात्रीत चाळीस गाड्या. चाळीस वेळा एक बोट.
एवढी मोजणी केली,
ते बोट कधी धरलंच नाही तिच्यात.

रोशन सांगतो, तिथं कोणी पत्ते ध्यानात ठेवतोय असं दिसलं
की दोन माणसं खांद्याला धरून बाहेर नेतात.
चोर म्हणतात त्याला.
इथं मला दिवाणजी थर्मासमध्ये चहा ठेवून जातो.

फाट्याकडून दिवे वळले.
कापसानं फुगलेला टेम्पो, वर ताडपत्रीवर कोणी झोपलेलं.
मडावी फाटक उघडायला उठला.
पुढचं चाक पाटाला लागायच्या आधी
मी बटण दाबलं.

मडावी परत आला, बघत राहिला डब्याकडं, मग माझ्याकडं.
बराच वेळ काही बोलला नाही.
"टेबल हालून रायलं," म्हणाला शेवटी,
"त्या पायाखाली घाल ना काही."

कॅट पसरला. शोधून सत्ती काढली,
दुमडली, सरकवली खाली.
तिच्यानं काही फरक पडत नाही.